चोवीस गुंठे आणि सहा वाटेकरी

पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या छोट्या गावाची बारकाईने पाहणी केली. गावातल्या जमिनीचा प्रत्येक तुकडा कोणाकडे आहे, तो केवढा आहे आणि त्यात काय पिकते, याची नोंद त्यांनी करवून घेतली. १९१७ साली ही पाहणी पुस्तकरूपाने आली आणि तिच्यातले आकडे पुढे अनेक वर्षे मुंबई इलाख्यात चर्चेत राहिले. १७७१ च्या सुमारास गावातली सरासरी धारणा ४० एकर होती. १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. १५६ जमीनमालकांकडे मिळून ७२९ वेगवेगळे तुकडे होते आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकराहूनही लहान होते.

मालकांपेक्षा तुकडे इतके जास्त कसे, हे वाटणी पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. विहिरीखालचे रान एका भावाला आणि माळरान दुसऱ्याला, हे कोणी मान्य करत नाही. मग विहिरीखालच्या रानाचे चार भाग होतात, माळाचे चार आणि ओढ्याकाठच्या पट्टीचेही चार. पुढच्या पिढीत त्या प्रत्येक भागाचे पुन्हा भाग पडतात.

तेच पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. जिथे एकेकाळी गुंठ्यागुंठ्याचे तुकडे होते, तिथे आता बहुमजली इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. पिकाच्या हिशेबाने अपुरी ठरलेली जमीन घराच्या हिशेबाने मोलाची झाली. महाराष्ट्रातल्या शेकडो गावांत आज हेच घडते आहे. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेल्याला निवृत्तीनंतर गावी घर हवे असते, गावात राहणाऱ्या भावाचे जुन्या घरात भागत नाही, आणि बहिणीलाही माहेरच्या मातीत स्वतःची जागा असावी असे वाटते. वडिलोपार्जित जमिनीतला आपला वाटा वेगळा करून त्यावर घर बांधायचे, एवढीच ही इच्छा असते. ती पुरी करताना मात्र दोन कायदे समोर येतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. वारसा कायदा म्हणतो, प्रत्येकाला त्याचा वाटा द्या. तुकडेबंदी कायदा म्हणतो, जमिनीचा तुकडा पडू देऊ नका.

आधी वाट्याचे पाहू. त्यासाठी सांगलीच्या न्यायालयातला एक दावा उपयोगी पडतो. १९६० साली एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. पुढे पत्नीने वाटणीचा दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. ‘गुरुपाद विरुद्ध हिराबाई’ या नावाने तो आजही शिकवला जातो. न्यायालयाने हिशेब असा केला : मरणाच्या आदल्या क्षणी घरात वाटणी झाली असती, तर वडील, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी एक चतुर्थांश मिळाले असते. हिंदू कायद्याच्या मिताक्षरा शाखेप्रमाणे पत्नीला स्वतःहून वाटणी मागता येत नाही, पण नवरा आणि मुले यांच्यात वाटणी झाली तर तिला मुलाएवढा वाटा मिळतो. वडिलांचा एक चतुर्थांश मग सहा वारसांत सारखा वाटायचा, म्हणजे प्रत्येकाला चोविसावा भाग. त्यामुळे आईचा वाटा चोविसात सात झाला.

याच कुटुंबाकडे २४ गुंठे जमीन होती असे समजू, म्हणजे अपूर्णांक डोळ्यांसमोर उभे राहतील. आईला ७ गुंठे, दोन्ही मुलांना प्रत्येकी ७ गुंठे, आणि तिघी मुलींना एकेक गुंठा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा.

आज हाच हिशेब केला तर उत्तर बदलते. महाराष्ट्राने जून १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतली मुलाएवढीच वाटेकरी मानले. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का, हा वाद बरीच वर्षे चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलीचा हक्क जन्माचा आहे, वडिलांच्या हयातीशी त्याचा संबंध नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने पुरी झालेली वाटणी तेवढी मोडता येत नाही. ‘तेव्हा तोंडी वाटणी झाली होती’ एवढे म्हणून भागत नाही. त्यासाठी त्या काळातल्या सरकारी कागदांचा भक्कम आधार दाखवावा लागतो. म्हणजे मरणाच्या आदल्या क्षणी झाली असे मानायच्या वाटणीत आता सात जण येतात : वडील, आई, दोन मुलगे, तीन मुली. प्रत्येकी एक सप्तमांश. वडिलांचा सप्तमांश सहा जणांत वाटला की प्रत्येकाच्या हाती एकूण एक षष्ठांश येतो. २४ गुंठ्यांतले सरळ चार-चार गुंठे. जमीन वडिलांनी स्वकष्टाने घेतलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरीही हेच उत्तर येते.

२००५ च्या दुरुस्तीने आणखी एक कलम रद्द केले, त्याची चर्चा फार कमी होते. हिंदू वारसा कायद्याच्या जुन्या कलम २३ प्रमाणे राहत्या घराची वाटणी भाऊ मागत नाहीत तोवर बहिणीला मागता येत नसे. ते कलम गेले. घर बांधायच्या वेळी बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायच्या आणि साडीचोळी करून पाठवायचे, ही रीत अजून सर्रास चालते. स्वखुशीने सोडलेला हक्क हा सोडणाऱ्याचा निर्णय आहे. परंतु बहिणीला आपला वाटा किती आणि त्याची आजची किंमत काय, हे सही करण्यापूर्वी कोणी सांगितलेलेच नसेल, तर ती खुशी कसली? चार गुंठे सोडणे म्हणजे ४,३५६ चौरस फूट जागा सोडणे. कागदावर हा आकडा आधी लिहावा, सह्या मग घ्याव्यात.

आता दुसरा कायदा. मान यांच्या आकड्यांनंतर जमिनीचे एकत्रीकरण करावे, लहान वाटण्या थांबवाव्यात, अशी मागणी जोर धरू लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली या विषयावर एक निबंध लिहिला. धारणा लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिच्यावर राबवायला भांडवल आणि अवजारे किती आहेत यावर ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांकडे वळवणे हा त्यांनी सुचवलेला खरा इलाज. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात अशा आशयाचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला आणि ते विधेयक पुढे गेले नाही. स्वातंत्र्याच्या वर्षी मात्र कायदा झाला. १९४७ चा धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे एकत्रीकरण करण्याबाबतचा अधिनियम, लोकांच्या तोंडी ‘तुकडेबंदी’.

या कायद्याने प्रत्येक भागासाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरवले आणि त्याहून लहान भाग पडेल अशी विक्री आणि वाटणी दोन्हींना मनाई केली. २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असे ठरवले गेले. आपल्या सहा वाटेकऱ्यांचे काय झाले ते पाहा. वारसा कायद्याने प्रत्येकाला चार गुंठे दिले. तुकडेबंदीने ते चार गुंठे जागेवर वेगळे करायला बंदी घातली. जिरायत असेल तर २४ गुंठ्यांचे दोन भागही करता येत नाहीत.

अशा पेचासाठी तुकडेबंदी कायद्यातच कलम ८-अअ आहे आणि त्याची रीत आपल्या जुन्या वाटणीपद्धतीशी मिळतीजुळती आहे. ज्याला जमीन दिल्याने तुकडा पडेल त्याला त्याच्या वाट्याचे पैसे द्यायचे. जमीन कोणी घ्यायची आणि पैसे कोणी, हे वाटेकऱ्यांनी आपसात ठरवायचे. ठरले नाही तर चिठ्ठ्या टाकायच्या. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेली इन्व्हेंटरीची कार्यवाही अशाच ठिकाणी पोचते. तिथे मालमत्तेची यादी होते, मूल्यांकन होते, आणि न विभागता येणाऱ्या घरासाठी वारसांमध्येच बोली लागते. घर एकाकडे अखंड राहते, बाकीच्यांना पैसे मिळतात. गोव्याची ही पद्धत संथ आहे, पण तिच्यात एक फार चांगली गोष्ट आहे : मूल्यांकन आधी होते. महाराष्ट्रातल्या घरगुती वाटण्या बहुधा इथेच अडकतात. पैसे घेऊन बाजूला व्हायला भाऊ किंवा बहीण तयार असते, परंतु भाव कोणता धरायचा यावर बोलणे थांबते आणि दहा वर्षे थांबून राहते.

व्यवहारात बहुतेक कुटुंबे यातले काहीच करत नाहीत. सातबारा सामाईक राहतो, प्रत्येक जण आपापली वहिवाट धरून असतो आणि ज्याला गरज असेल तो आपल्या वहिवाटीच्या जागेवर घर बांधतो. भावाभावांत सलोखा आहे तोवर काही बिघडत नाही. बिघडते ते कर्जाच्या वेळी. सामाईक जमिनीवर बँक एकट्याच्या नावे गृहकर्ज द्यायला राजी नसते, कारण तारण ठेवायला त्याचा वेगळा असा तुकडाच नसतो. आणि पुढे दावा लागला, तर ज्या जागेवर पन्नास लाखांचे घर उभे आहे ती जागा दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ शकते. न्यायालये सहसा बांधकाम बांधणाऱ्याकडे राहील अशी वाटणी करू पाहतात, तरी त्यावर विसंबून पाया खणणे शहाणपणाचे नाही.

तुकडेबंदीचा कायदा शेतजमिनीसाठी आहे. जमीन रीतसर बिनशेती झाली की तो लागू होत नाही. शहरी हद्दीतल्या आणि विकास आराखड्यात निवासी दाखवलेल्या जमिनींनाही अलीकडे सवलती मिळाल्या आहेत. नियम डावलून पूर्वी झालेले गुंठेवारीचे व्यवहार नियमित करण्याचे शुल्क २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्के होते, ते २०२४ मध्ये ५ टक्क्यांवर आणले गेले. कायदा शेतीसाठी केला होता आणि तो घराच्या वाटेत येऊ लागला, याची ही सरकारी कबुलीच म्हणायची. म्हणून घर बांधायचे असलेल्या कुटुंबाने पहिला प्रश्न विचारायचा तो वाट्याचा नव्हे, जमीन कुठे आहे हा.

गावठाणात असेल तर मार्ग सोपा. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. वर्षानुवर्षे लोकांकडे फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा असे आणि तो मालकीचा पुरावा मानला जात नाही. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, पुढे एप्रिल २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली आणि गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जमीन असेल तर जमीन महसूल अधिनियमात घातलेल्या कलम ४२-ड मुळे निवासी वापरासाठी तिचे रूपांतर सोपे झाले आहे.  त्याच्याही पलीकडे, शेतातच घर हवे असेल, तर कलम ४१ खाली शेतघर बांधता येते. त्यासाठी किमान ४० आर, म्हणजे साधारण एक एकर धारणा लागते आणि जोत्याच्या क्षेत्रावर मर्यादा असते. चोवीस गुंठेवाल्यांना ही वाट बंद आहे. त्यांची जमीन गावठाणाजवळ असेल, तर आधी सर्वांनी मिळून अभिन्यास, म्हणजे लेआउट मंजूर करून घ्यावा आणि मग प्लॉटप्रमाणे वाटणीपत्र नोंदवावे, हा रस्ता लांबचा दिसतो खरा, पण तोच पुढे निभावतो.

कागदांची सुरुवात वारस नोंदीपासून. अनेक सातबाऱ्यांवर अजून आजोबा-पणजोबांची नावे आहेत. त्या एका नावामागे आज तीस-चाळीस वारस असतात, काही मुंबईत, काही बडोद्यात, काही परदेशात. १ एप्रिल २०२५ पासून राज्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला घेतली, हे काम फार पूर्वीच व्हायला हवे होते. वारस लागले की वाटणी तीन प्रकारे होते. सगळे राजी असतील तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून. किंवा दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत वाटणीपत्र करून. राजी नसतील तर दिवाणी दाव्याने, आणि तिथेही न्यायालय फक्त हिस्से ठरवते, शेतजमिनीचे प्रत्यक्ष सरस-निरस वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडून होते. २०२५ मध्ये शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरचे नोंदणी शुल्क माफ झाले. त्याआधी एक टक्का, कमाल ३०,००० रुपये भरावे लागत आणि त्या खर्चाला भिऊन लोक साध्या कागदावर वाटण्या करत. ज्यांच्या घरात सलोखा आहे त्यांनी तो आहे तोवरच नोंदणी उरकावी.

त्यानंतर फेरफार. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नोंद धरतात, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. खातेफोड होऊन नावे वेगळी झाली म्हणजे वाटणी झाली, असा पुष्कळांचा समज असतो. फेरफार ही महसुलासाठीची नोंद आहे. ती मालकी निर्माण करत नाही, आणि जमिनीवर रेघही ओढत नाही.

रेघ ओढतो भूकरमापक. महाराष्ट्रातल्या मोजणीला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याने पुणे भागात केलेली पहिली पाहणी फसली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले, १८३६ मध्ये तिथली जमाबंदी तीस वर्षांसाठी ठरली आणि १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याच्या मोजणीचे नियम घालून दिले. ३३ फुटांची, सोळा आण्यांची शंकू साखळी हे त्या मोजणीचे हत्यार. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. ती साखळी कधीच इतिहासजमा झाली, पण गुंठा टिकला. आज उपग्रहाच्या संकेतांवर चालणारे रोव्हर घेऊन मोजणी होते, त्यासाठी राज्यभर स्थिर संदर्भ केंद्रे उभारली आहेत, आणि तरी मोजून आलेले क्षेत्र जुन्या टिपणाशी आणि गुणाकार बुकाशी ताडावेच लागते.

पोटहिस्सा मोजणी झाली की हद्दीच्या खुणा बसतात, नकाशाची ‘क’ प्रत मिळते आणि आकारफोड, म्हणजे शेतसाऱ्याची विभागणी होऊन प्रत्येक हिस्स्याचा सातबारा वेगळा निघतो. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटीस असते. त्या दिवशी सगळ्या वाटेकऱ्यांनी बांधावर स्वतः हजर राहावे. नकाशावर दोन मिलिमीटर सरकलेली रेघ जागेवर कोणाच्या तरी आंब्याच्या बुंध्यातून जाते.

आता चोवीस गुंठ्यांकडे परत येऊ. समजा ही जमीन १३२ फूट रुंद आणि १९८ फूट लांब आहे, आणि सार्वजनिक रस्ता तिच्या आखूड बाजूला लागतो. सहा वाटे म्हणजे ६६ बाय ६६ फुटांचे सहा चौरस, दोन रांगांत तीन-तीन. कागदावर ही वाटणी अगदी समान आहे. जागेवर मात्र पुढच्या दोघांना रस्ता आहे आणि मागच्या चौघांना नाही. मधून वीस फुटांचा रस्ता काढायचा तर ३,९६० चौरस फूट, म्हणजे साडेतीन गुंठ्यांहून थोडी जास्त जागा जाते. प्रत्येकाचा प्लॉट ५६ बाय ६६ फुटांचा, सुमारे ३.४ गुंठ्यांचा उरतो. हा रस्ता सगळ्यांच्या वाट्यातून सारखा काढायचा असतो. पुढच्या दोघांचे म्हणणे असते की त्यांचे तोंड मूळ रस्त्यालाच आहे, त्यांनी जागा का सोडावी? उत्तर त्यांच्या लाभातच आहे. रस्त्याकडेच्या प्लॉटची किंमत जास्त असते आणि ती त्यांना चिठ्ठीच्या नशिबाने मिळालेली असते.

रस्ता विसरून झालेल्या वाटण्यांसाठी कायद्यात दारे आहेत. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे कलम १३ सांगते की संयुक्त मालमत्तेची वाटणी झाली आणि एकाच्या वाट्यातून गेल्याशिवाय दुसऱ्याला आपला वाटा वापरता येत नसेल, तर त्याला वाटेचा हक्क मिळतो. वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे जाता येते. बांधावरून वाट मागायला महसूल अधिनियमाचे कलम १४३ आहे. या सगळ्यांतून मिळते ती बैलगाडीची किंवा ट्रॅक्टरची वाट. वाळूचा डंपर, काँक्रीट मिक्सर, पाण्याचा टँकर, रुग्णवाहिका यांना लागणारी रुंदी वाटणीच्या दिवशीच नकाशावर घ्यावी लागते. शेतरस्ते किमान तीन मीटर रुंद ठेवून त्यांची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त करावी, असे शासनाने २०२५ मध्ये ठरवले आहे. घरांच्या वाटणीत तेवढ्यावर थांबू नये.

पाण्याचेही तसेच. सामाईक विहिरीत प्रत्येकाचा हिस्सा आणि पाळी लिहावी, पाइपलाइन कोणाच्या हद्दीतून जाईल ते लिहावे, वीजपंपाचे मीटर कोणाच्या नावे आणि बिल कसे वाटायचे तेही. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून साठेक फूट लांब असावा असा संकेत आहे. ६६ फुटांच्या प्लॉटवर साठ फूट म्हणजे जवळजवळ एक पूर्ण बाजू. म्हणून एकाने विहीर कुठे पाडली यावर शेजारच्या भावाचे शौचालय कुठे बसेल हे ठरते. सहाही घरांच्या विहिरी आणि शोषखड्डे एकाच नकाशावर एकदम आखावेत.

मग प्रत्यक्ष घर. जुन्या गावांत वस्ती पांढरीवर असे आणि पीक काळीत. वडिलोपार्जित शेतात घर बांधणे म्हणजे घर काळीत नेणे, आणि काळ्या मातीला पाणी लागले की ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. हे दरवर्षी घडते. तिच्यावर उथळ पाया घातला तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरके तडे जातात. काळी माती काढून पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा, जोत्यात मुरमाची भर घालावी, कॉलम आणि प्लिंथ बीमने सगळे घर बांधून घ्यावे. माती फार खोल असेल तर खाली फुगीर केलेल्या खांबांचा पाया घालतात. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केली आणि विदर्भ-मराठवाड्यात ती फार उपयोगी आहे. एकाच २४ गुंठ्यांत वरच्या अंगाला मुरूम आणि ओढ्याकडे आठ फूट काळी असू शकते. मग चार-चार गुंठ्यांचे वाटे क्षेत्राने समान असले तरी पायाचा खर्च समान नसतो. वाटणीपूर्वी प्रत्येक वाट्यात एक चाचणी खड्डा घेतला तर हा फरक पैशांत भरून काढता येतो. कोकणात जांभ्याचा कातळ वरच लागतो, तिथे पाया स्वस्त पडतो, पण विहीर आणि शोषखड्डा खोदणे महाग जाते.

राहते ते जुने घर. माजघर, ओटी, पडवी यांच्या मधून भिंती घालून एका छपराखाली चार बिऱ्हाडे करण्याची रीत कोकणात आणि देशावर दोन्हीकडे आहे, आणि पावसाळ्यात कौले कोणी चाळायची यावर तिथे वाद होतात. अशा घरातला आपला हिस्सा एखाद्याने बाहेरच्याला विकला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ मुळे त्या परक्या खरेदीदाराला कुटुंबाबरोबर घरात राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ खाली बाकीचे भाऊबंद न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा परत घेऊ शकतात. हे संरक्षण मोठे आहे, पण ते खटल्यानंतर मिळते. शेतात नवी घरे उभी राहणार असतील तर जुन्या घराचा निर्णय त्याच वाटणीपत्रात घ्यावा : एकाने पूर्ण घ्यायचे आणि इतरांना मोबदला द्यायचा, की सर्वांचे ठेवायचे. सर्वांचे ठेवायचे असेल तर घरपट्टी, छपराची दुरुस्ती, गणपतीच्या दिवसांत कोणत्या खोल्या कोणाला आणि एखाद्याला पुढे बाहेर पडायचे असेल तर किंमत कशी ठरवायची, ही चार कलमे त्यात घालावीत. त्यासाठी वेगळा दस्त करावा लागत नाही.